मशाली कोणाच्या हातात?

गेल्या वर्षी आमच्या चित्रपट मंडळाच्या बैठकीत वर्षभरात दाखवायच्या चित्रपटांची यादी ठरत होती. सत्यजित राय झाले, चॅप्लिन झाले, दोन इराणी चित्रपट झाले. मी नाव सुचवले, "फ्रँकेन्स्टाइन, १९३१ चा." क्षणभर शांतता पसरली आणि मग चांगलाच हशा पिकला. एक प्राध्यापक, ज्यांच्याविषयी मला तेव्हाही आदर होता आणि आजही आहे, हसू आवरत म्हणाले, "अरे, ज्या सभागृहात आपण अंधश्रद्धा निर्मूलनावर व्याख्यान ठेवतो, तिथंच भुताटकी दाखवायची का?" नाव यादीतून खोडले गेले. त्या वेळी मला काही बोलता आले नाही. वसतिगृहाच्या खोलीवर परत येताना मात्र एकेक उत्तर सुचू लागले. उत्तरे नेहमी अशी बैठक संपल्यावरच सुचतात! हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करतो. भयपट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्यातले बरेचसे टाकाऊच असते. करकरणारा दरवाजा, पांढरी साडी, लाल रंगाच्या बादल्या आणि दर दहा मिनिटांनी कानठळ्या बसवणारे संगीत. अशा चित्रपटांची वकिली मला करायची नाही. मला बोलायचे आहे ते त्यांच्या पूर्वजांविषयी. नातवंडे वाह्यात निघाली म्हणून आजोबांना दोष देणे बरे नव्हे.

चित्रपट जन्मला आणि लगोलग त्याने भूत दाखवले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे पॅरिसजवळ जॉर्ज मेलिएस हा जादूगार गृहस्थ सैतानाच्या हवेलीवर एक तीन मिनिटांचा चित्रपट तयार करीत होता. एक मोठे वटवाघूळ उडत येते, त्याचा सैतान होतो, कढईतून माणसे निघतात, सांगाडे प्रकटतात आणि शेवटी क्रूस पुढे धरताच सैतान नाहीसा होतो. जगातला पहिला भयपट म्हणून याच चित्रपटाकडे बोट दाखवतात. खरे तर त्यात भय थोडे आणि गंमतच जास्त. आपल्याकडे जत्रेत गारुडी पोराला टोपलीत घालून गायब करतो ना, तसलाच तो खेळ होता. एडिसनच्या कंपनीने १९१० साली 'फ्रँकेन्स्टाइन'ही पडद्यावर आणला. पण भीतीच्या पोटात काहीतरी सांगण्यासारखे असते, हे समजायला एक महायुद्ध व्हावे लागले.

ते युद्ध हरलेल्या जर्मनीत २६ फेब्रुवारी १९२० रोजी 'डॉ. कॅलिगारी' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने. लेखक हान्स यानोविट्झ आणि कार्ल मायर. यानोविट्झ स्वतः लढाईवर जाऊन आलेला होता. जत्रेत एक म्हातारा डॉक्टर झोपेत चालणाऱ्या तरुणाचा खेळ लावतो. तो तरुण, सेझारे, दिवसा पेटीत निजलेला असतो आणि रात्री डॉक्टरच्या हुकमावरून खून करतो. शोध घेता घेता कळते की हा डॉक्टर म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुखच आहे! चित्रपटातली घरे वाकडी, खिडक्या तिरप्या, रस्ते नागमोडी; सावल्यासुद्धा चक्क रंगाने रंगवलेल्या. जणू सगळे गावच तापाने फणफणले आहे.

शेवटी मात्र चित्रपट उलटा फिरतो. ही हकीकत सांगणारा तरुणच वेड्यांच्या इस्पितळातला रोगी निघतो आणि डॉक्टर भला माणूस ठरतो. ही चौकट आपल्या इच्छेविरुद्ध घातली गेली, असे यानोविट्झने पुढे सांगितले. सीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ साली ग्रंथ लिहून असे मांडले की, कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत एक सरळ वाट जाते: हुकूम देणारा एक, झोपेत हुकूम पाळणारे अनेक, आणि शेवटी हुकूम देणाराच शहाणा. पुढे मूळ संहिता हाती आली, तेव्हा तिच्यातही चौकट होतीच, फक्त वेगळी होती, असे दिसले. त्यामुळे क्राकाउअरचे सगळेच म्हणणे मी डोळे मिटून स्वीकारत नाही. घडून गेल्यावर मागे वळून पाहिले की सगळ्याच वाटा सरळ दिसतात.

पण या चित्रपटातल्या दोन नटांचे पुढे काय झाले, हे वाचल्यापासून मला तो चित्रपट विसरता येत नाही. सेझारेचे काम करणाऱ्या कॉनराड फाइटची पत्नी ज्यू होती. नाझी सत्तेवर आले त्या १९३३ सालीच त्याने जर्मनी सोडली. १९३४ साली इंग्लंडमध्ये 'ज्यू झ्यूस' नावाच्या चित्रपटात त्याने एका ज्यू माणसाची भूमिका सहानुभूतीने केली. कॅलिगारीचे काम करणारा वेर्नर क्राउस जर्मनीतच राहिला. १९४० साली नाझींनी ज्यूंविषयी द्वेष पसरवण्यासाठी त्याच विषयावर आपला चित्रपट काढला, तेव्हा त्यात एकाहून अधिक ज्यू पात्रे विद्रूप करून रंगवणारा नट हाच! पडद्यावर जो हुकमाचा बंदा होता, तो आयुष्यात हुकूम झुगारून निघून गेला. आणि पडद्यावरचा हुकूमशहा प्रत्यक्षात हुकमाचा ताबेदार ठरला. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. एवढा धडा मला क्रमिक पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणाने दिलेला नाही.

दुसरा चित्रपट 'नोस्फेरातू', १९२२ चा. दिग्दर्शक फ्रीड्रिख मुर्नाउ. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. स्टोकर १९१२ साली वारला होता. निर्मात्यांनी परवानगी न घेता नावे बदलून कथा उचलली. स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सबाईंनी, खटला गुदरला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहू शकतो. ज्या पिशाच्चाला मरणच नाही, त्याच्यावरचा चित्रपटही मरता मरेना! सूर्याचा किरण पडताच पिशाच्च विरून जाते, ही आज पोराटोरांना ठाऊक असलेली कल्पनाही मूळ कादंबरीत नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. ती या चित्रपटाची देणगी आहे.

इथे मला माझ्याच बाजूविरुद्ध थोडे बोलले पाहिजे. लांब नाकाचा, टोकदार कानांचा, दूर देशीचा एक परका जहाजातून येतो, बरोबर उंदीर आणतो आणि गावात प्लेग पसरतो. पुढे दहा-पंधरा वर्षांतच जर्मनीत ज्यूंची जी व्यंगचित्रे निघाली, त्यांच्याशी हे रूप किती जुळते, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मुर्नाउचा तसा हेतू असेल असे मला वाटत नाही. तरी भयपट हे दुधारी हत्यार आहे, हे कबूल करावेच लागते. ते परक्याची भीती घालवू शकते, तशी वाढवूही शकते.

पण याच चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. प्लेगने हैराण झालेल्या गावाला कोणीतरी दोषी हवा असतो. घरांचा दलाल नॉक हा वेडा झालेला असून इस्पितळातून पळालेला आहे. सगळे गाव त्याच्यामागे लागते. तो छपरावर चढून बसतो, लोक खालून दगड मारतात. मग तो शेतांकडे पळतो आणि खवळलेला जमाव नॉक समजून एका बुजगावण्यावर तुटून पडतो, त्याच्या चिंध्या करतो. हा नॉकही काही साधुपुरुष नव्हे. तरी सगळे गाव शेतात धावत असताना ज्याने प्लेग आणला तो आपल्या घरात निवांत असतो! नॉकचे काम करणारा अलेक्झांडर ग्रानाख हा नट ज्यू होता. त्यालाही पुढे जर्मनी सोडून पळावे लागले.

हे बुजगावणे ध्यानात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

जर्मनीतून ही विद्या अमेरिकेत गेली ती माणसांबरोबरच. युनिव्हर्सल कंपनी स्थापन करणारा कार्ल लेमली हा मूळचा जर्मनीतल्या लाउपहाइम गावचा ज्यू. पुढे नाझी राजवटीत त्याने शेकडो ज्यूंना स्वतः हमीपत्रे देऊन अमेरिकेत आणले. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, मंदीने कंबरडे मोडले असताना, १९३१ साली 'ड्रॅक्युला' निघाला. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, नट हंगेरीतून आलेला बेला लुगोसी आणि छायाचित्रकार जर्मनीतून आलेला कार्ल फ्रॉइंड. दिवसा इंग्रजी चित्रपटाचे चित्रण आणि रात्री त्याच नेपथ्यावर दुसऱ्या नटसंचाचे स्पॅनिश चित्रण, अशी तिथली काटकसर. सुरुवातीची नामावली आणि नाटकगृहातला एक प्रसंग सोडला, तर त्या मूळ चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आजचे कानठळ्या बसवणारे भयपट पाहून कंटाळलेल्यांनी ती शांतता एकदा ऐकावी.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'फ्रँकेन्स्टाइन' आला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. हा पहिल्या महायुद्धात लढलेला आणि जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस. मूळ कादंबरी मेरी शेली या बाईंची, १८१८ ची. १८१६ च्या उन्हाळ्यात ती लिहायला घेतली तेव्हा त्यांचे वय होते अठरा. आपल्या एफ. वाय. च्या वर्गातल्या मुलीएवढे! राक्षसाचे काम करणाऱ्या बोरिस कार्लॉफचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. चव्वेचाळिशीला आलेला हा नट तोवर कोणाच्या फारसा लक्षात नव्हता. जॅक पिअर्स हा रंगभूषाकार त्याचा चेहरा रंगवायला रोज तासन्‌तास घेई. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. आणि आपण सगळे त्या राक्षसालाच 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणतो. वास्तविक ते नाव त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे. त्याला कोणी नाव ठेवलेच नव्हते.

मित्रहो, मी हा चित्रपट पहिल्यांदा वसतिगृहात, रात्री, मोबाइलवर पाहिला. घाबरण्याच्या तयारीने पाहिला. राक्षस पहिल्यांदा उजेड पाहतो तो प्रसंग आला. छपराचे दार उघडते, वरून प्रकाश पडतो आणि तो आपले मोठे हात वर करून प्रकाश धरू पाहतो. दार बंद होते. मग तो हात पुढे करून उभा राहतो, एखादे मूल काही मागते तसा. माझी भीती तिथेच संपली. पुढे शास्त्रज्ञाचा नोकर त्याला चाबकाने मारतो, तोंडासमोर मशाल नाचवतो. चित्रपट आपल्याला सांगतो की, राक्षसाच्या डोक्यात चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला गेला आहे, म्हणून तो क्रूर. पण पडद्यावर आपण पाहतो ते अगदी निराळे असते: त्याला आधी मार मिळतो आणि मग तो मारायला शिकतो. मला वाटते, मेंदूची ती सबब व्हेलला स्वतःलाही पटलेली नसावी.

नंतर तळ्याकाठचा प्रसंग. मारिया नावाची एक लहान मुलगी त्याला न घाबरता खेळायला घेते. दोघे फुले पाण्यावर सोडतात, ती तरंगतात. फुले संपतात. मुलगीही तशीच तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो, ती बुडते आणि तो भेदरून पळतो. कात्री चालवणाऱ्यांनी हा प्रसंग मधेच कापला होता. परिणाम असा झाला की, कित्येक वर्षे प्रेक्षकांना फक्त तिच्याकडे जाणारे राक्षसाचे हात दिसत आणि पुढे मुलीचे प्रेत दिसे. लोकांनी मधली जागा आपल्या मनाने, वाईटात वाईट कल्पनेने भरली. हा तुकडा १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला. राक्षसाची निरागसता कापून काढली की उरतो तो फक्त राक्षस. हे कात्रीचे काम चित्रपटातच होते असे नाही.

मारियाचा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन लग्नाच्या मिरवणुकीतून चालत येतो. त्या बापाचे दुःख खोटे नाही, हे मी मुद्दाम सांगतो. संध्याकाळी सगळे गाव मशाली आणि कुत्री घेऊन निघते. राक्षस एका पवनचक्कीत कोंडला जातो आणि लोक तिला आग लावतात.

मी मोबाइल बंद केला. मला आमची वाडी आठवली.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या वाडीत एक मूल तापाने गेले. वाडीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत असे. तिच्याविषयी आधीपासून कुजबूज होती. त्या दिवसापासून उघड बोलू लागले की ती करणी करते. एका रात्री मोठी माणसे कंदील आणि बॅटऱ्या घेऊन तिच्या अंगणात गेली. आम्ही पोरेही मागून गेलो. कोणीतरी कौलांवर दगड मारला. मग आणखी एकाने. मीही मारला. माझा दगड नेमका ओटीवरच्या पितळी कळशीला लागला, त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. म्हातारी दार उघडून बाहेर आली, उजेडापुढे हात धरून तिने आमच्याकडे पाहिले आणि मला माझ्या घरच्या लाडक्या नावाने हाक मारली. दुसरे काही बोलली नाही. मी पळालो.

दुसऱ्या दिवशी आजीला हे कळले. तिने मला मारले नाही. एवढेच म्हणाली, "तू सव्वा महिन्याचा होईस्तोवर रोज सकाळी तेल लावून न्हाऊ घालायची ती तुला." पुढच्या मे महिन्यात आम्ही वाडीत गेलो तेव्हा त्या घराला कुलूप होते. म्हातारी भाच्याकडे गेली असे सांगितले. कौले फुटलेली तशीच होती.

आता प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे वळतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला; त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर झाला. त्या कायद्याची गरज काय हे मला कोणी व्याख्यान देऊन समजावण्याची आवश्यकता नाही. पण मी आमच्या शाळेत अंधश्रद्धेवरची व्याख्याने ऐकली होती, त्यावर निबंध लिहून बक्षीसही घेतले होते आणि तरीही त्या रात्रीविषयी मी कधी कोणाजवळ बोललो नव्हतो. व्याख्यानाने मला कळले की भूत नसते. त्या म्हातारीच्या अंगणात मी कोण होतो, हे मला ९० वर्षांपूर्वीच्या एका भयपटाने दाखवले. भूत नसते हे पटलेली माणसेही दगड मारतात. आमच्यातल्या निम्म्याजणांचा करणीवर विश्वास नव्हता. सगळे चालले म्हणून तेही चालले.

म्हणून मला भेद करावासा वाटतो तो भूत असलेल्या आणि भूत नसलेल्या चित्रपटांत नव्हे. भेद आहे तो प्रेक्षकाला कुठे उभे करतात याचा. वाईट भयपट आपल्याला जमावात उभे करतो, हातात मशाल देतो आणि शेवटी राक्षस मेला म्हणून टाळ्या पिटायला लावतो. चांगला भयपट आपल्याला पवनचक्कीच्या आत नेऊन उभे करतो आणि तिथून खालचे चेहरे दाखवतो. 'नोस्फेरातू' एकाच वेळी दोन्ही करतो, म्हणून तो दाखवावा आणि नंतर त्यावर भांडावे. कॉलेज भांडायलाच तर असते.

हे सगळे परदेशचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. संबंध आहे. व्ही. शांताराम १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले होते. परतल्यावर १९३४ साली पुण्यात 'प्रभात'ने 'अमृतमंथन' काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा पडदा व्यापणारा तो डोळा आणि त्या अंधार-उजेडाच्या खेळात जर्मन चित्रपटांची सावली स्पष्ट दिसते. विशेष म्हणजे तिथेही भीतीचे कारण पिशाच्च नाही. धर्माच्या नावाने बळी मागणारा माणूस आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९४९ साली 'महल' निघाला, त्याचा छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हा जर्मनीहून येऊन इथलाच झालेला. कमाल अमरोहींच्या त्या चित्रपटात झोपाळा हलतो, लताबाईंचा आवाज दुरून जवळ येतो, आपल्या अंगावर काटा उभा राहतो. आणि शेवटी भूत नव्हतेच, एक एकटी पडलेली मुलगी होती, असे कळते. ही परंपरा आपलीही आहे. पुढे आपण त्यातला मुखवटा ठेवला आणि माणूस टाकून दिला.

यंदाच्या बैठकीत मी पुन्हा तेच नाव सुचवणार आहे. चित्रपट अवघ्या सव्वा तासाचा आहे. नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी आणि तिचे अध्यक्षपद त्याच प्राध्यापकांनी स्वीकारावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. त्यांचे म्हणणे मला खोडून काढायचे नाही. त्यांच्या व्याख्यानाला माझ्या चित्रपटाची जोड मिळावी, एवढीच इच्छा आहे.

आणि या सुट्टीत मी वाडीला जाईन तेव्हा तो भाचा कुठल्या गावी राहतो, याची चौकशी करणार आहे. म्हातारी असेल की नाही, कोण जाणे. असलीच तर काय बोलायचे हे अजून मला सुचलेले नाही.